संगणक अडला, तर पेनड्राइव्हचे दार उघडा!

घरातला संगणक कधी ना कधी रुसतोच. बटण दाबले, पंखा फिरला, कंपनीचे नाव झळकले आणि पुढे नुसता काळा पडदा! अशा वेळी घरच्यांना काळजी वाटते ती यंत्राच्या किमतीची नव्हे, आत अडकलेल्या फोटोंची. मुलीच्या बारशापासूनच्या आठवणी, सोसायटीचे हिशेब, मुलाचा प्रकल्प... सारे गेले की काय?

बहुतेक वेळा तसे झालेले नसते. बिघडलेली असते ती विंडोज, म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी प्रणाली. हार्ड डिस्कवरच्या फाइली जागच्या जागी असतात. पुढच्या दाराचे कुलूप अडकले, तरी घरातले सामान कुठे जात नाही. मागचे दार उघडता आले म्हणजे झाले. उबुंटूसारखी मोफत मिळणारी प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन संगणक तिच्यावरून सुरू करणे, हेच ते मागचे दार. मात्र हे दारही पुष्कळदा पहिल्या धक्क्याला उघडत नाही. त्याची कारणे क्रमाने तपासावीत.

फाइल नुसती ठेवून चालत नाही

सर्वात जास्त फसगत होते ती येथेच. दुसऱ्या चालू संगणकावर प्रणालीची 'आयएसओ' फाइल उतरवून घेतली आणि ती पेनड्राइव्हवर कॉपी केली, की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात ही फाइल म्हणजे बांधलेले गाठोडे असते. रुफस किंवा बॅलेना एचर यांसारख्या मोफत प्रोग्रॅमच्या साहाय्याने ते पेनड्राइव्हवर रीतसर लिहावे लागते. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. लिहिताना त्यावरचे आधीचे सर्व काही पुसले जाते, म्हणून पेनड्राइव्ह रिकामाच असलेला बरा.

तो नीट तयार झाला की नाही, हे ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे तो दुसऱ्या संगणकाला लावून पाहणे. तिथे चालला, तर दोष आपल्या संगणकाच्या मांडणीत आहे. तिथेही चालला नाही, तर पेनड्राइव्ह पुन्हा तयार करावा.

आधी कोणाचे ऐकायचे?

संगणक सुरू होताना प्रणाली कुठून आणायची, याचा क्रम आधीच ठरलेला असतो आणि त्यात बहुधा आतली डिस्क पहिली असते. तो क्रम तेवढ्यापुरता बदलण्यासाठी 'बूट मेनू' असतो. बटण दाबताच एक विशिष्ट कळ वारंवार दाबायची. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच संगणकांत ती एफ १२, एचपीमध्ये एफ ९ किंवा एस्केप, तर आसुसच्या लॅपटॉपवर बहुधा एस्केप असते. विंडोज अधूनमधून सुरू होत असेल, तर शिफ्ट कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडावे. पुढे 'यूज अ डिव्हाइस' हा पर्याय मिळतो.

यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला, तर गोंधळू नये. नव्या संगणकावर 'यूईएफआय' असे लिहिलेली ओळ निवडावी. जुने संगणक मात्र 'बायोस' या पूर्वीच्या पद्धतीने चालतात. रुफसमध्ये पेनड्राइव्ह तयार करताना विभागणीचा प्रकार विचारला गेला, तर नव्यासाठी जीपीटी आणि जुन्यासाठी एमबीआर निवडायचा असतो.

यादीत पेनड्राइव्ह दिसतच नसेल, तर त्याची जागा बदलावी. यूएसबी हबमधून न लावता तो थेट संगणकाला, टेबलावरच्या संगणकाला तर मागच्या बाजूने लावावा. बाहेरची हार्ड डिस्क वापरत असाल, तर तिला पुरेशी वीज न मिळणे हेही कारण असू शकते.

दारावरचा पहारेकरी

२०१२ मध्ये विंडोज ८ आली, तेव्हापासून नव्या संगणकांत 'सिक्युअर बूट' नावाचा पहारेकरी बसलेला असतो. ओळखीची सही नसलेल्या प्रणालीला तो आत सोडत नाही. उबुंटू आणि फेडोरा यांच्याजवळ ती सही असते, म्हणून त्या निवडणे सोयीचे. दुसरी प्रणाली अडवली गेली, तर सेटिंगमध्ये जाऊन हा पहारा तात्पुरता बंद करता येतो.

पण थांबा! त्याआधी 'बिटलॉकर'ची चौकशी करावी. डिस्कवरचा मजकूर त्याने कुलूपबंद केलेला असेल, तर हा बदल केल्यावर विंडोज ४८ अंकी किल्ली मागू शकते. उबुंटूमधूनही त्या किल्लीशिवाय फोटो दिसणार नाहीत. ही किल्ली बऱ्याचदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून ते खाते उघडून किल्ली कागदावर उतरवून घ्यावी आणि मगच सेटिंगला हात लावावा.

एका शब्दाचा घोटाळा

अखेर उबुंटू सुरू होते आणि विचारते, नुसती वापरून पाहायची की इन्स्टॉल करायची? येथे 'ट्राय' हाच पर्याय निवडावा. इन्स्टॉलच्या वाटेने जाऊन पुढे 'इरेज डिस्क'ला होकार दिला, तर ज्या फोटोंसाठी ही सारी धडपड केली, तेच पुसले जातील. 'ट्राय' निवडल्यावर आतली डिस्क उघडावी, हवे ते फोल्डर बाहेरच्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करावे आणि दोन-चार फोटो तिथून उघडून खात्री करून घ्यावी. विंडोजची दुरुस्ती त्यानंतर निवांत करता येते.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र यातले काहीही करू नये. तो यंत्राचा बिघाड असतो आणि प्रत्येक प्रयत्नागणिक नुकसान वाढू शकते. संगणक बंद करून डिस्क जाणकाराकडे न्यावी.

ही तयारी संगणक धडधाकट असतानाच करून ठेवणे शहाणपणाचे. एक पेनड्राइव्ह आताच तयार करावा, तो एकदा चालवून पाहावा, वर चिठ्ठी चिकटवावी आणि किल्लीच्या कागदासह कपाटात ठेवावा. फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असली, तर काळा पडदा दिसला तरी काळजाचा ठोका चुकणार नाही.