चुना नक्की कुणाला?

तंबाखूवर लिहिलं म्हणून संपादक मंडळ भुवया उंचावणार, हे धरून चाललोय. पण 'तंबाखू सोडा'चा फलक लागून जमाना झाला आणि त्याच फलकाला टेकून आपली पोरं बार भरतात. तेव्हा विषय जरा दुसऱ्या बाजूने धरू.

अमेरिकेत घरच्या घरी सिगार वळणारे हौशी लोक आहेत. मुरवलेली पानं वजनावर विकत आणायची आणि स्वतः वळायची. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे पानांचं मिश्रण ठरवण्याआधी हे लोक प्रत्येक पान वेगळं चाखतात. एकाच जातीच्या पानाची बारीकशी वळी करायची, दोन-चार दिवस वाळू द्यायची (पान ओलसर केल्याशिवाय वळता येत नाही, तुटतं), मग ओढून वहीत टिपायचं: चव काय, जळतं कसं, राख कुठल्या रंगाची, कडक किती. दुसरं पान दुसऱ्या दिवशी, कारण एका कडक पानाने जीभ बधिर झाली की पुढचं सगळं सारखंच लागतं.

आणि निकाल गमतीदार असतात. क्यूबात झाडावरच्या जागेनुसार पानांना नावं आहेत. सगळ्यात खालचं वोलादो: चवीला फिकं, पण छान जळतं. मधलं सेको, वासासाठी. वरचं लिहेरो: भरपूर ऊन खाल्लेलं, जाड, तेलकट, कडक. हे एकटं ओढलं तर घसा धरतं आणि सारखं विझतं. म्हणून नापास? नाही. ते सिगारच्या बरोबर मध्यभागी घालतात, भोवती चांगली जळणारी पानं. एकेकटं तपासल्यामुळे कुणाला कुठे बसवायचं ते कळतं.

आता आपलं बघा. अख्खं सर्किट एकदम ब्रेडबोर्डवर चढवायचं, आउटपुट आलं नाही की आयसी, रेझिस्टर, सप्लाय तिन्ही एकदम बदलायचं. चाललं तर का चाललं ते माहीत नाही, आणि ओरलला एक्स्टर्नल नेमकं तेच विचारतो! सिगार वळणारा माणूस इथे आपल्यापेक्षा बरा इंजिनियर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्याच्या वहीवर माझा आक्षेपही आहे. कोको, मिरी, ओलं लाकूड असे रकाने भरभरून लिहितात, आणि 'कडकपणा' एका शब्दात उरकतात. कडकपणा म्हणजे मुख्यतः निकोटिन, आणि सवय लागते ती त्याची. 'आम्ही धूर छातीत घेत नाही' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यात अर्धंच तथ्य आहे. निकोटिन हे बेस आहे. सिगारेटचा धूर किंचित आम्लधर्मी, म्हणून तो फुप्फुसात ओढावा लागतो. सिगारचा धूर त्या मानाने अल्कधर्मी, त्यात निकोटिन मोकळ्या रूपात राहतं आणि तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. छातीत न घेताही काम होतं, आणि तोंडाचा कॅन्सर तर काही छातीची वाट बघत नाही.

आता हॉस्टेलवर या. तळहातावर तंबाखू, वर बोटभर चुना, अंगठ्याने मळणं चालू. चुना कशाला रे, म्हणून विचारलं तर 'त्याशिवाय किक येत नाही.' बरोबर! चुन्याच्या निवळीचा पीएच बाराच्या वर. सिगारच्या धुरात होतं तेच इथे हाताने केलं जातं, निकोटिन मोकळं करून गालात ठेवलं जातं. म्हणजे चुना लावला जातोय खरा, पण नक्की कुणाला?

शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. गेटपासून टपरीपर्यंतचं अंतर सिव्हिलवाल्यांनी एकदा टेप लावून मोजावं, सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल होऊन जाईल.

आणि केमिस्ट्रीच्या सरांना एक विनंती. फर्स्ट इयरला एक प्रयोग लावावा. एका बीकरमध्ये नुसत्या तंबाखूचं पाणी, दुसऱ्यात फक्त चुन्याचं, तिसऱ्यात दोन्ही मळून. आधी एकेक, मग मिश्रण. हातमोजे घालून, कारण निकोटिन कातडीतूनही शिरतं. पीएच मीटर लॅबमध्ये आहेच, आणि तंबाखू आणायला कुणाला लांब पाठवावं लागणार नाही.