मुदतीचा हक्क
लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवारात, हजारो विद्यार्थ्यांच्या वर्दळीत, १९६० पासून अतिसमृद्ध युरेनियमवर अणुभट्टी चालत होती. १९८० साली परवान्याची मुदत संपली, तेव्हा नूतनीकरणास नागरिकांनी रीतसर हरकत घेतली. वर्षानुवर्षे सुनावणी चालली आणि १९८४ मध्ये विद्यापीठाने अर्जच मागे घेतला. ही संधी मुदतीनेच दिली होती. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी अणुनियामक आयोगाने बहुतेक संशोधन-अणुभट्ट्यांच्या परवान्यांची मुदतच रद्द केली. सबब? नियमांचा बोजा! दर पाच वर्षांनी सुरक्षा अहवाल अद्ययावत करावा लागेल, हे खरे. परंतु अहवाल धाडणे म्हणजे उलटतपासणीस उभे राहणे नव्हे. भट्टी लहान असली, तरी शेजाऱ्यांचा हरकतीचा हक्क त्यामुळे लहान ठरत नाही.