अनोळखी तलवारीलाही जागा द्या

कल्पनाविश्वातल्या तलवारींच्या छोट्या प्रतिकृती जमवणाऱ्यांची फळी पाहा. बहुतेक वेळा त्यावर त्याच चार तलवारी दिसतात: आरागॉर्नची अँडुरिल, गँडाल्फची ग्लॅमड्रिंग, फ्रोडोची स्टिंग आणि 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या जॉन स्नोची लाँगक्लॉ. चारही सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण चार घरांत तोच संग्रह असेल, तर तो नक्की कोणाचा म्हणायचा? जमवणाऱ्याचा, की दुकानदाराचा?

माझं मत असं आहे: संग्रहातली निदान अर्धी जागा कमी प्रसिद्ध तलवारींना द्यावी.

याचं पहिलं कारण म्हणजे गोष्ट. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४-५५ मध्ये आली. तिच्यात मेरी नावाचा एक छोटासा हॉबिट आहे. त्याला एका जुन्या थडग्यातून एक लहान तलवार मिळते. या तलवारीला नाव नाही. ती खूप पूर्वी माणसांनी एका दुष्ट राजाशी लढण्यासाठी बनवली होती. पुढे मोठ्या लढाईत मेरी त्याच राजाच्या गुडघ्यामागे वार करतो. राजाचं रक्षण करणारी जादू तुटते आणि एओविन त्याला मारते. लेखक म्हणतो, दुसऱ्या कुठल्याही तलवारीने हे काम झालं नसतं. त्यानंतर ती तलवार जळून जाते.

आता सांगा, यापेक्षा मोठा पराक्रम कोणत्या प्रसिद्ध तलवारीने केला? 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' म्हणतात ना, तसंच आहे हे! फक्त कीर्ती अजून सगळीकडे पोचलेली नाही. चित्रपटात तो थडग्याचा प्रसंग नाही, म्हणून ही गोष्ट पुस्तक वाचणाऱ्यांनाच माहीत असते.

दुसरं कारण आहे बोलणं. प्रसिद्ध तलवार पाहून पाहुणा म्हणतो, "अरे वा, अँडुरिल!" आणि पुढे जातो. अनोळखी तलवार पाहून तो थांबतो आणि विचारतो, "ही कोणाची?" मग तुम्हाला सांगायची संधी मिळते. परदेशात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव ओळखीचा आहे. शाळेत नवीन शिक्षक आले की आपलं नाव दोनदा सांगावं लागतं, कधी अर्थही सांगावा लागतो. सुरुवातीला कंटाळा येतो, पण त्यातूनच ओळख होते. एओमेरच्या तलवारीचं नाव गुथविने. ते जुन्या इंग्रजीतून आलंय आणि त्याचा अर्थ आहे 'लढाईतला मित्र'. हे कळल्यावर ते नाव कोण विसरेल?

काही जण म्हणतील, "प्रसिद्ध तलवारी उगाच प्रसिद्ध झाल्या का?" बरोबर आहे. 'द हॉबिट' या १९३७ च्या पुस्तकात बिल्बोला ट्रोलांच्या गुहेत स्टिंग सापडते. एल्फ लोकांसाठी तो साधा खंजीर, पण छोट्या बिल्बोसाठी तलवार! छोट्या वस्तू जमवणाऱ्याला हे आवडणारच. म्हणून स्टिंग जरूर ठेवा. पण तिच्या शेजारी थिओडेन राजाची हेरुग्रिमही ठेवा. ती बरेच दिवस राजापासून लपवून ठेवलेली असते. म्हातारा, थकलेला राजा पुन्हा ताठ उभा राहिल्यावर ती त्याच्या हातात येते. चित्रपटातल्या हेरुग्रिमच्या मुठीजवळ दोन घोड्यांची तोंडं आहेत, कारण त्याचं राज्य घोडेस्वारांचं. आर्वेनची हाधाफांग तर पुस्तकात नाहीच, ती चित्रपटासाठी तयार केली. तिचं वळणदार पातं बाकीच्या सरळ पात्यांमध्ये लगेच उठून दिसतं.

मात्र एक सावधगिरी हवी. 'कमी प्रसिद्ध' आणि 'दुर्मीळ' हे एकच नाही. डब्यावर 'मर्यादित आवृत्ती' छापलं म्हणून तलवार चांगली होत नाही. कधी नाव मोठं आणि लक्षण खोटं असतं! कधी तलवारीवर नुसता ड्रॅगन असतो, पण मागे गोष्टच नसते. माझी एक सोपी कसोटी आहे: ही तलवार कोणाची होती आणि तिने काय केलं, हे पाच वाक्यांत सांगता येतं का? येत नसेल, तर घेऊ नका.

गोष्ट पटली की वस्तू नीट बघा. आधी माप. चित्रपटातल्या अँडुरिलची पूर्ण आकाराची प्रतिकृती साधारण १३४ सेंटिमीटर लांब असते. एकषष्ठांश मापाची प्रतिकृती हवी असेल, तर १३४ भागिले ६, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर. सगळ्या तलवारी एकाच मापाच्या घेतल्या, तर कोणती लांब आणि कोणती आखूड हे फळीवर खरं दिसतं. नाहीतर खंजीर आणि मोठी तलवार सारखीच दिसतात.

मग धातू. अनेक छोट्या तलवारी साच्यात ओतून करतात. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे एक बारीक रेघ राहते. चांगल्या कामात ती घासून काढलेली असते. पात्यावरची अक्षरं कोरलेली आहेत की नुसती छापलेली, तेही पाहा. पातं थोडं जाड असेल तर तक्रार करू नका. ६ मिलिमीटरचं पातं सहापट लहान केलं, तर १ मिलिमीटरचं होईल आणि लगेच वाकेल.

आणि हो, छोटी असली तरी टोक टोकच असतं. लहान भावंडांच्या हाती देऊ नका. सुट्टीत भारतात आजी-आजोबांना दाखवायला नेणार असाल, तर ती हातातल्या बॅगेत नको, सामानात द्यायच्या बॅगेत ठेवा.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं आपल्याकडे म्हणतात. फळीवर मात्र वीस सहज राहतात. त्यातल्या दहा तरी अशा असू द्या, ज्या तुम्ही स्वतः वाचून, शोधून, विचार करून निवडल्या आहेत. पुढची तलवार घेण्याआधी तिची गोष्ट घरी कोणाला तरी मराठीत सांगून बघा. ऐकणाऱ्याने "मग पुढे काय झालं?" असं विचारलं, तर ती तलवार नक्की घ्या.