पाहुणचार नाकारणे ही सेवा नव्हे

परदेशी सेवादौऱ्यावर गेलेल्या चर्चच्या गटांनी यजमानांच्या पाहुणचारात वेळ दवडू नये, हे मत मांडणारे पत्र वाचले. ते मला मुळीच पटले नाही.

अशाच एका गटाबरोबर मी इथिओपियाला गेले होते. तिथे पाहुण्यासमोर कॉफीचे कच्चे दाणे भाजतात, कुटतात आणि ‘जेबेना’ या मातीच्या भांड्यात उकळतात. अबोल, तोना, बराका अशा तीन फेऱ्या होतात, तिसरी आशीर्वादाची. ती न घेता उठणे यजमानाच्या मनाला लागते. आदराने इंजेरा या तिथल्या भाकरीचा घासही भरवतात. बुधवारी-शुक्रवारी ऑर्थोडॉक्स घरांत मांस-दूध वर्ज्य, तरी डाळी-भाज्यांनी ताट भरलेले असते.

इथिओपियातील अक्सूमच्या एझाना राजाने चौथ्या शतकातच ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अशा देशात आपण फक्त शिकवायला जातो, हा समज सोडायला हवा. लूकच्या शुभवर्तमानातही येशू शिष्यांना सांगतो की, ज्या घरी उतराल तिथे वाढतील ते खा.

गरीब घरावर भार पडू नये, ही पत्रलेखकाची काळजी रास्त आहे. त्यासाठी गट लहान ठेवावेत, शिधा सोबत न्यावा. पण प्रेमाने पुढे केलेला पेला परत करू नये.

– एक वाचक, वसई