कोणत्या खिडकीवर जावे?

अमेरिकेतील बॉस्टन शहरात सप्टेंबरची पहिली तारीख हा घर बदलण्याचा दिवस मानला जातो. विद्यापीठांचे हे शहर. निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरांत राहतात आणि त्यांतील फार मोठ्या संख्येने भाडेकरार याच एका तारखेला बदलतात. पहाटेपासून गल्लीबोळांत सामानाचे ट्रक शिरू लागतात. पदपथांवर गाद्या, टेबले, पुस्तकांची कपाटे टाकून दिलेली असतात आणि ज्याला जे हवे ते तो उचलून नेतो. महाराष्ट्रातून तेथे शिकायला गेलेल्या मुलामुलींचा या शहराशी पहिला खरा परिचय पुष्कळदा याच गोंधळात होतो.

दारासमोर ट्रक उभा करायचा असेल तर रस्त्यावरील तेवढी जागा महापालिकेकडून आधी राखून घ्यावी लागते. त्यासाठी परवाना आहे, शुल्क आहे, आणि त्या जागी आगाऊ लावायचे फलकही आहेत. नवख्या माणसाच्या मनातला प्रश्न साधा असतो : ट्रक कुठे उभा करू? महापालिकेच्या जुन्या संकेतस्थळावर मात्र या प्रश्नाला दार नव्हते. तेथे विभागांची नावे होती. हा विषय वाहतूक विभागाकडे येतो हे ज्याला ठाऊक, तो उत्तरापर्यंत पोहोचे; ज्याला ठाऊक नाही, तो एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरत राही.

मोटारीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. मोटारीची नोंदणी होते मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कार्यालयात. तिच्या किमतीवर दर हजार डॉलरला 25 डॉलर या दराने द्यावयाचा वार्षिक कर शहराच्या तिजोरीत भरावा लागतो. घरासमोर उभी करण्याचा रहिवासी परवाना पुन्हा शहराचाच, परंतु त्यासाठी राज्याच्या नोंदणीवर बॉस्टनचा पत्ता हवा आणि दंडाची एकही पावती थकलेली नको. कायद्याच्या दृष्टीने ही तीन कामे तीन ठिकाणची आहेत. मोटारीच्या मालकाच्या दृष्टीने ते एकच काम आहे.

ज्यांनी पेढीवर वा बँकेत आयुष्य घालवले त्यांना हा घोटाळा ओळखीचा वाटेल. खतावणी पेढीच्या सोयीने मांडलेली असते. खात्यांचा क्रम, पानांचे आकडे, नावांची संक्षिप्त रूपे हे सारे मुनिमाला कळते आणि त्याला कळले की पुरे. ग्राहकाच्या हाती मात्र खतावणी कोणी देत नाही, त्याला हिशेबाचा उतारा देतात. नोंदी त्याच, पण मांडणी त्याच्या बाजूने केलेली. जगभरच्या महापालिकांनी संकेतस्थळे उभारली तेव्हा बहुतेकांनी खतावणीच काचेत लावून ठेवली. त्यात लबाडी नव्हती. प्रत्येक विभागाला सांगितले गेले की आपापली माहिती द्या, आणि प्रत्येकाने ती इमानाने दिली. कार्यालयाचा नकाशा तयार झाला. त्या कार्यालयात कधी पाऊल न टाकलेल्या माणसाने तो वाचायचा, एवढाच काय तो प्रश्न राहिला.

बॉस्टनची महापालिका ज्या इमारतीत आहे तिचाही इतिहास काहीसा असाच आहे. 1962 च्या स्पर्धेतून निवडलेल्या आराखड्यानुसार बांधलेली काँक्रीटची ही प्रचंड वास्तू 1968 मध्ये पूर्ण झाली. नागरिकांची वर्दळ असलेली कार्यालये खालच्या मजल्यांवर, महापौर व नगर परिषद मध्ये, आणि बाकीचा कारभार वर, अशी तिची सुस्पष्ट कल्पना होती. वास्तुविशारदांनी तिची वाखाणणी केली. रहिवाशांपैकी अनेकांनी तिला नाके मुरडली. 2006 मध्ये तत्कालीन महापौर टॉमस मेनिनो यांनी ती विकून समुद्रकाठी नवी इमारत बांधण्याचा विचारही मांडला होता. इमारत विकली गेली नाही. महापालिकेच्या संकेतस्थळाची मांडणीही त्याच सुमाराची आणि ती पुढे जवळजवळ दहा वर्षे तशीच राहिली. त्या दहा वर्षांत लोकांच्या खिशात स्मार्टफोन आले.

2015 मध्ये महापौर मार्टी वॉल्श यांच्या प्रशासनाने हे संकेतस्थळ नव्याने बांधायचे ठरवले. त्यापूर्वी दोन ठिकाणचे अनुभव समोर होते. ब्रिटनमध्ये मार्था लेन फॉक्स यांनी 2010 च्या अखेरीस सरकारला सल्ला दिला होता की किरकोळ डागडुजी नको, मुळापासून नवे करा. मे 2011 मध्ये तेथे कच्चा नमुना लोकांपुढे ठेवला गेला आणि 17 ऑक्टोबर 2012 रोजी सर्व जनतेसाठी एकच संकेतस्थळ सुरू झाले. वापरणाऱ्याची गरज पहिली, हा त्या मंडळींचा पहिला नियम. सार्वजनिक सुट्ट्यांचे त्यांचे पान पाहावे : सर्वांत वर मोठ्या अक्षरांत पुढच्या सुट्टीची तारीख, कारण माणूस तेवढ्यासाठीच आलेला असतो. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने डिसेंबर 2014 मध्ये याच धर्तीवर अर्धवट तयार संकेतस्थळ खुले केले. अपुरी वस्तू चारचौघांत मांडण्याचे धैर्य सरकारी कार्यालयात दुर्मीळ असते, म्हणून या दोन्ही उदाहरणांचे महत्त्व.

बॉस्टनने आयडीओ ही रचनासंस्था आणि अॅक्विया ही स्थानिक तंत्रज्ञान कंपनी यांना बरोबर घेतले. जानेवारी 2016 मध्ये नवे संकेतस्थळ वेगळ्या पत्त्यावर, ‘पायलट’ या नावाने उघडले. जुने बंद केले नाही. नव्यावर निवडक विषयांची पाने होती आणि काय अडले, काय सापडले नाही, हे कळवण्याची सोय होती. बँकांच्या संगणकीकरणाच्या काळात शाखांमधून हाताने लिहिलेले लेजर आणि संगणक काही महिने शेजारी शेजारी चालत असत. दोन्हींची बाकी जुळेपर्यंत लेजर कपाटात जात नसे. त्या दुहेरी कामाचा कंटाळा येई, पण चूक ग्राहकाच्या पासबुकात उतरण्याआधी हाती लागे. बॉस्टनच्या महापालिकेने तोच सावधपणा दाखवला. सहा महिन्यांनी, जुलै 2016 मध्ये, नवे संकेतस्थळ अधिकृत झाले.

या सहा महिन्यांतील ‘लोकांचे म्हणणे’ या गोष्टीकडे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. संकेतस्थळ कसे हवे असे लोकांना विचारले तर उत्तरे येतात ती रंगाची, चित्रांची, आणि ‘सोपे करा’ अशा सदिच्छांची. त्यांतून फारसे हाती लागत नाही. कोणालाही आपली अडचण आधी नेमकी सांगता येत नाही. ती काम करताना दिसते. एखाद्या बाईंना समोर बसवून, कचरा कोणत्या वारी उचलतात ते शोधा असे सांगावे आणि गप्प राहून पाहावे. त्या कोणता शब्द टाइप करतात, कोठे थांबतात, कोठे मागे फिरतात, हे पाहण्यातून जे कळते ते शंभर अभिप्रायांतून कळत नाही. बँकेतील जुने हेड कॅशियर हे जाणून असत. तक्रारपेटीत चिठ्ठ्या थोड्याच पडत; रांगेतली माणसे पुन्हा पुन्हा कोणत्या चुकीच्या खिडकीवर जातात ते पाहून ते पाटी हलवीत.

पाटीवरचा शब्द हा सर्वांत अवघड भाग. मॅसॅच्युसेट्समध्ये खाणावळ उघडायची असेल तर जो परवाना लागतो त्याचे कायदेशीर नाव ‘कॉमन विटलर’ असे आहे. अन्न पुरवणारा या अर्थाचा हा जुनाट इंग्रजी शब्द. लिहायचा एक आणि उच्चारायचा दुसरा. आज हॉटेल काढू पाहणारा कोणता व्हिएतनामी वा हैतीचा स्थलांतरित हा शब्द शोधणार आहे? तो शोधेल ‘हॉटेल सुरू करणे’. बॉस्टनमध्ये हा परवाना शहराचे परवाना मंडळ देते आणि अन्नाच्या स्वच्छतेचा परवाना दुसरा विभाग देतो. आपल्याकडील ज्या वाचकांनी मिठाईचे वा धान्याचे दुकान काढताना एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात खेटे घातले असतील, त्यांना या माणसाची दशा समजावून सांगण्याची गरज नाही. एक दिवस दुकान बंद म्हणजे एक दिवसाचे भाडे, पगार आणि गेलेले गिऱ्हाईक. संकेतस्थळावरील एका अपरिचित शब्दाची किंमत अशी रोख मोजावी लागते, आणि ती लहान व्यापाऱ्यालाच मोजावी लागते. मोठ्या कंपनीकडे हे काम करणारा वकील असतो.

म्हणून बॉस्टनच्या मंडळींनी संकेतस्थळाची भाषा कशी असावी यासाठी जी कसोटी ठरवली ती लक्षात राहण्यासारखी आहे : मदतीला तत्पर असलेल्या माणसासारखी. कारकुनासारखी नको आणि जाहिरातीसारखीही नको. हे ऐकायला गोड वाटते, अमलात आणणे कठीण. कायद्याचा शब्द बदलला तर उद्या न्यायालयात काय सांगायचे, ही विभागप्रमुखाची भीती खोटी नसते. वाट निघते ती अशी, की पानाच्या मथळ्यावर लोकांचा शब्द द्यावा आणि आत कायद्याचे नाव एकदा स्पष्ट सांगावे. दुसरी अडचण जागेची. पहिल्या पानावर आपलेच काम दिसावे असे प्रत्येक विभागाला वाटते. तेथे नागरिकांच्या वापराचे आकडे उपयोगी पडतात. साहेबांशी वाद घालण्यापेक्षा, हे पान कोणी उघडतच नाही असे दाखवणे केव्हाही सोपे.

तरीही एक खोट राहतेच. संकेतस्थळावर अभिप्राय देतो तो आधीच संकेतस्थळापर्यंत पोहोचलेला माणूस. जो पोहोचलाच नाही, त्याचे म्हणणे त्यात येत नाही. बॉस्टनमध्ये स्पॅनिश, चिनी, व्हिएतनामी, हैतीयन आणि केप व्हर्डियन क्रिओल बोलणारी मोठी वस्ती आहे. वृद्ध आहेत, घरी संगणक नसलेले आहेत. त्यांच्यासाठी शहराने आधीच दोन गोष्टी केल्या होत्या, आणि त्या नव्या संकेतस्थळापेक्षा कमी मोलाच्या नाहीत. 2012 च्या अखेरीस पोलिसांची एक जुनी गाडी रंगवून तिची फिरती महापालिका करण्यात आली. खाद्यपदार्थांच्या गाड्या पाहून सुचलेली ही कल्पना. गाडी वस्त्यावस्त्यांत जाऊन उभी राहते आणि तेथेच कर, दंड, दाखले, वाहनाचे रहिवासी परवाने यांची कामे होतात. दुसरी गोष्ट म्हणजे 2015 मध्ये सुरू झालेला 311 हा साधा तीन आकड्यांचा दूरध्वनी. फोनवर माणूस स्वतःच्या शब्दांत बोलतो आणि ऐकणारा त्याला योग्य विभागाकडे जोडून देतो. संकेतस्थळाने जी भाषा शिकायची ती या फोनवर रोज फुकट ऐकायला मिळते.

आपल्याकडे या विषयाला थोडी वेगळी पार्श्वभूमी आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक कार्यालयावर सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले : रचना, कर्तव्ये, अधिकाऱ्यांची सूची, त्यांचे वेतन इत्यादी. ते बंधन मोलाचे आहे आणि त्यासाठी लोकांनी झगडा दिला होता. परंतु कारभार उघडा करून दाखवणे हे एक काम आणि आलेल्या माणसाचा हात धरून नेणे हे दुसरे. महाराष्ट्राच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने ही दुसरी बाजू ओळखली. कोणती सेवा, किती दिवसांत, कोणत्या अधिकाऱ्याकडून, हे आधी जाहीर करायचे असा त्याचा दंडक आहे. ही माहिती जाहीर करण्यापूर्वी ती चार दुकानदारांना वाचायला देऊन पाहण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. बॉस्टनने पैसा बराच खर्च केला असेल; या एका कामाला पैसा लागत नाही.

ऑक्टोबर 2016 मध्ये बॉस्टनने आपल्या संकेतस्थळाची संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली केली. कोणीही ती पाहावी, दोष दाखवावेत, सुधारणा सुचवाव्यात. ज्या शहराने आपले कच्चे पान लोकांना दाखवले त्याने पुढे आतले शिवणकामही उलटून दाखवले.

सगळे मात्र बदलले नाही. मालमत्तेचे मूल्यांकन शोधण्याची सोय, म्हणजे कोणत्या घरावर किती कर आकारला आहे हे पाहण्याची जागा, त्यानंतरही अनेक वर्षे जुन्याच पत्त्यावर चालू होती. नव्या संकेतस्थळाच्या मोकळ्या, स्वच्छ पानावर घरमालक कराविषयी वाचत येई, आकडा पाहण्यासाठी बोट टेकवी, आणि समोर जुने पान उघडे.