गाइडने गावात यायला हवं

एम.एस्सी. नर्सिंगच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जा आणि कपाटातल्या डेझर्टेशनची शीर्षकं ओळीने वाचा. स्तनपान, मधुमेह, रक्तक्षय, हात धुणं असे विषय बदलत जातात, शेपूट मात्र बहुतेक वेळा एकच असतं: ‘स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता’. साठेक जणांना प्रश्नावली द्यायची, तासभर शिकवायचं, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा पुढे करायची. गुण वाढतात. वाढणारच की! शिकवूनही गुण वाढले नाहीत, असं प्रामाणिकपणे सांगणारं डेझर्टेशन अजून माझ्या हाती लागलेलं नाही.

याचं खापर विद्यार्थिनींच्या माथी फोडलं जातं, ते मला पटत नाही. वॉर्डात किंवा उपकेंद्रात काम केलेल्या मुलींकडे प्रश्नांचा तुटवडा नसतो. बीडकडच्या कुठल्याही एएनएमला विचारा. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्यांत गरोदर बायाही असतात. त्यांच्या पुढच्या तपासण्या कारखान्याच्या तळावर होतात की होतच नाहीत, बाळंतपण कुठे होतं, परतल्यावर बाळाच्या लसींचं काय होतं? गावच्या रजिस्टरात ‘स्थलांतरित’ एवढा शेरा पडतो आणि त्या बाईची नोंद तिथेच थांबते. समाजआरोग्याचं संशोधन सुरू व्हायला याहून चांगली जागा कोणती? पण हा विषय घेऊन मुलगी गाइडकडे गेली, तर बहुधा ऐकायला मिळतं, “अगं, सॅम्पल कुठून आणणार? वेळेत संपेल असं काहीतरी घे.”

गाइड मॅडमची बाजूही समजून घेऊ. लेक्चर्स, क्लिनिकल पोस्टिंग, इन्स्पेक्शनच्या फायली, परीक्षा, आणि उरलेल्या वेळात गाइडपण. त्यांच्या स्वतःच्या डेझर्टेशनच्या वेळीही कुणी त्यांच्यासोबत गावात गेलेलं नसतं. जे मिळालं नाही ते पुढे कसं देणार?

मिळालं तर काय होतं, ते गडचिरोलीने दाखवलंय. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचा निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला, श्वास मोजायला, वजन करायला आणि सगळं लिहून ठेवायला शिकवलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३९ गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. इथे मला महत्त्वाची वाटते ती देखरेख. या आरोग्यदूतांच्या नोंदी गावात जाऊन तपासल्या जात. थोडीच शाळा शिकलेल्या बाईची नोंद जगासमोर पुरावा म्हणून उभी राहिली, कारण कुणीतरी तिच्या शेजारी बसून ती वाचली होती. पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या नर्सला एवढंही मिळू नये?

आणि नर्सिंगला ही परंपरा परकी नाही. क्रिमियाहून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलला विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाची साथ मिळाली. आकडेवारी कोरडीच असावी, असं फारचं मत. नाइटिंगेलने मात्र मृत्यूंच्या रंगीत आकृत्या काढल्याच. गुरूने मदत करावी आणि शिष्येने हवं तिथे आपलंच खरं करावं, हे नातं मला आदर्श वाटतं. आपल्याकडे गाइडच्या शब्दापुढे न जाण्याचीच शिस्त शिकवली जाते, वर ‘सिस्टरना कशाला संशोधन?’ म्हणणारे डॉक्टर असतातच.

व्याख्यानं आणि कार्यशाळा आणखी वाढवून यात फरक पडेल, असं मला वाटत नाही. प्रमाणपत्रं तेवढी वाढतील. गाइडपणाचे तास अध्यापनाच्या कार्यभारात मोजा. एका गाइडकडे मोजक्याच विद्यार्थिनी द्या. निष्कर्ष ‘परिणाम दिसला नाही’ असा आला, तरी गुण कापू नका. आणि विद्यापीठाने डेझर्टेशनच्या पहिल्या पानावर गाइडच्या सहीशेजारी आणखी एक रकाना छापावा: विद्यार्थिनीसोबत केलेल्या क्षेत्रभेटींच्या तारखा. तो रिकामा असेल, तर प्रबंध परत पाठवावा.