विश्लेषण : मोबाइल अ‍ॅपमधील साचेबद्ध कोड का ठरतो धोक्याचा?

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या मच्छीमारांसाठी मोबाइल आता केवळ बोलण्याचे साधन राहिलेला नाही. मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौका आणि सुमारे ३६० कोटी रुपये खर्च, असा तिचा आवाका आहे. ‘इस्रो’च्या तंत्रज्ञानावरील या यंत्राच्या जोडीला ‘नभमित्र’ हे अ‍ॅप आहे. जिथे मोबाइलची रेंज पोहोचत नाही, तिथे तांडेलाला अशा अ‍ॅपच्या पडद्यावरच विसंबावे लागते. म्हणून तो पडदा कसा लिहिला जातो, हा प्रश्न केवळ संगणक अभियंत्यांचा उरत नाही.

साचेबद्ध कोड म्हणजे काय?

अँड्रॉइडच्या जुन्या पद्धतीत बटणे आणि चौकटींची मांडणी एका फाइलमध्ये, तर त्यांचे काम दुसऱ्या फाइलमध्ये लिहिले जाते. दोन्ही जोडण्यासाठी प्रत्येक घटक नावाने शोधायचा, त्याचा प्रकार सांगायचा, मजकूर बदलायचा. वीस घटक असले की जवळपास त्याच ओळी वीस वेळा लिहाव्या लागतात. यालाच ‘बॉयलरप्लेट’ म्हणतात.

चूक कुठे शिरते?

ओळींची नक्कल करताना एखादे नाव बदलायचे राहते. शोधलेला घटक त्या पडद्यावर नसेल, तर हाती ‘नल’, म्हणजे काहीच येत नाही आणि अ‍ॅप बंद पडते. १९६५ मध्ये ‘नल’ची कल्पना आणणारे टोनी होर यांनीच २००९ मध्ये तिला आपली ‘अब्ज डॉलरची चूक’ म्हटले होते.

तरी बंद पडलेले अ‍ॅप निदान दिसते. त्याहून घातक म्हणजे खोटे सांगणारा पडदा. समजा, एखाद्या अ‍ॅपमध्ये संकटसंदेश पाठवताना बटण, मजकूर आणि फिरते चक्र हे तिन्ही वेगवेगळ्या ओळींनी बदलले जातात. संदेश अयशस्वी झाल्यावर चक्र थांबले, पण मजकूर बदलणारी ओळ राहून गेली, तर पडद्यावर ‘संदेश पोहोचला’ हेच कायम राहील.

उपाय कोणते?

गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी कोटलिन भाषेला अधिकृत पाठबळ दिले. एखादी किंमत ‘नल’ असू शकते का, हे या भाषेत आधीच सांगावे लागते. २०२० मध्ये आलेल्या ‘व्ह्यू बाइंडिंग’मुळे घटक जोडणाऱ्या ओळी आपोआप तयार होऊ लागल्या. फ्लटर (२०१८), अ‍ॅपलचे स्विफ्टयूआय (२०१९) आणि जेटपॅक कंपोज (२०२१) यांनी पद्धतच बदलली. अवस्था एकाच ठिकाणी नोंदवायची आणि त्यावरून पूर्ण पडदा नव्याने रेखाटायचा. ‘पाठवत आहे’, ‘पोहोचला’, ‘अयशस्वी’ या अवस्था ठरवून दिल्या आणि एखादीसाठी पडदाच लिहिला नाही, तर कोटलिनचा कंपाइलर ही चूक अ‍ॅप तयार होण्याआधीच दाखवू शकतो.

मग धोका संपला का?

नाही. संदेश यंत्राकडे गेला आणि किनाऱ्यावरून त्याची पोच आली, या दोन वेगळ्या अवस्था आहेत. विकासकाने त्या एकच मानल्या, तर कंपाइलर काही बोलणार नाही. तो फरक समुद्रावर जाणाऱ्यांना विचारूनच ठरवावा लागेल. त्यामुळे अशी अ‍ॅप स्वीकारताना त्यात किती सुविधा आहेत, एवढेच पाहून भागणार नाही. संदेश गेला नाही, तर तसे पडद्यावर स्पष्ट दिसते का, हे आधी तपासायला हवे.